मालिनीबाईंच्या श्वासावर बसवलेला क्रम

मालिनीबाई जोगळेकरांविषयी नानांना खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. मुलींच्या शाळेत कवायत शिकवतात, पंचवटीत एकट्या राहतात आणि पहाटे धर्मशाळेच्या माडीवर योगासनांचा वर्ग घेतात, एवढंच. एकट्या का, हे विचारायचं धाडस त्या वर्गाला येणाऱ्या, पोस्टातल्या या बुजऱ्या कारकुनाला कधी झालं नाही.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर बाईंच्या मनानं घेतलं, की रथसप्तमीला वर्गानं सगळी आसनं एका ओघात करून दाखवायची. तोवर एक आसन झालं, की शवासनात पडायची रीत होती. बाईंना ते पडणंच नको होतं. एका आसनाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात. वाकताना श्वास सोडायचा, उठताना घ्यायचा. क्रम त्या स्वतःच्या श्वासावर बसवत. आधी एकट्यानं करून बघत, श्वास अडखळेल तिथलं आसन बदलत, मग वर्गाला देत.

“बाई, योग आहे का मनमाडची एक्स्प्रेस? दम खायला ठेसनच नाही!” वर्गातल्या यशोदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

“बसलीस ना गाडीत? मग साखळी ओढू नकोस.”

सगळे हसले. नानाही खाली बघून हसले.

पौषात मात्र क्रम आखूड व्हायला लागला. आज पर्वतासन गळलं, परवा भुजंगासन. जे उरलं तेही भरभर. वर्गाला धाप लागू लागली. “बाईंना घाई सुटलीय,” अशी कुजबुज झाली. नाना पुढच्या रांगेत असत. घाई नव्हती, बाईंचा श्वासच पुरत नव्हता, हे त्यांना दिसत होतं.

एकदा सगळे गेल्यावर त्यांनी धीर केला. “बाई, दवाखान्यात दाखवलंत का?”

“दाखवलं. हृदयाची झडप खराब आहे म्हणतात. वर्गात बोलू नका.”

“मग रथसप्तमी राहू द्या ना.”

बाई भिंतीला टेकल्या. “नाही हो. आयुष्यात एवढं एकच मनासारखं जुळत आलंय. पण माझ्या श्वासावर बसवलं तर सगळ्यांनाच धाप लागते. उद्यापासून तुमच्या श्वासावर बसवू.”

“माझ्या? मला चारचौघांत आवाज फुटत नाही!”

“श्वास येतो ना? तेवढा पुरे.”

गळलेली आसनं परत आली. रथसप्तमीला नाना पुढे उभे राहिले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, “घ्या... सोडा...” ताडासनापासून वज्रासनापर्यंत क्रम कुठेही तुटला नाही. शेवटची आसनं चालू असताना त्यांनी वळून पाहिलं. बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. ‘घ्या’ म्हटलं की त्यांची छाती वर्गाबरोबर उचलली जाई आणि अर्ध्यावरच खाली बसे.

दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गाला आल्या नाहीत. आठवड्याच्या आत झोपेतच गेल्या. कल्याणहून भाऊ आला, तेव्हा त्यांना भाऊ आहे हे नानांना कळलं.

रथसप्तमीच्या सकाळी, सगळं पार पडल्यावर, माडीवरून उतरताना बाई मधल्या पायरीवर थांबल्या होत्या. नाना दोन पायऱ्या खाली घुटमळले.

“तुम्ही व्हा पुढे, नाना. पोस्ट उघडायची वेळ झाली.”

“तुम्ही याल ना सावकाश?”

“येते हो. कठडा आहे की धरायला.”