पाळीचा डफ

आष्ट्यापासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठच्या एका गावात, चावडीच्या खुंटीला एक डफ टांगलेला असे. वर्षातून एकदा, होळीपुरता, तो खाली उतरे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन परतलेल्या एका गृहस्थाने तो तेथे अडकवला होता. दवंडीचे काम त्याच्या घराण्याकडे किती पिढ्या चालत आले होते, हे त्यालाही ठाऊक नव्हते; ते आजपासून संपले, एवढेच त्याने पंचांना सांगितले. आपले बोट धरून उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाकडे, धोंडिरामाकडे, वळून तो म्हणाला, "ह्याला हात लावायचा न्हाई, लेका."

धोंडिरामांनी तो शब्द एकेचाळीस वर्षे पाळला. ते इस्लामपूरच्या एस.टी. आगारात फिटर झाले. बोलणे मोजके, वागणे सरळ. मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून रांगेत पहिले उभे राहण्याचा त्यांचा परिपाठ होता. आपल्याला मिळालेला अधिकार वापरावाच लागतो, अशी त्यांची साधी श्रद्धा होती.

१९९४ च्या श्रावणात नदीचे पाणी चढले आणि गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत शिरले. पूर ओसरला, तसे गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन मुलींना सलाईन लावावे लागले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सरपंचांना बजावले, की नळ बंद करून भागणार नाही. काल घराघरांत भरून ठेवलेले पाणी आजच ओतून द्यायला हवे. सकाळपासून वीज नव्हती, त्यामुळे देवळावरचा कर्णा मुका होता. घरे सहाशे, आणि संध्याकाळच्या चुली पेटायला तीन तास उरलेले.

सरपंच नाथाजी हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. चौदा एकर उसाचे धनी. त्यांनी खुंटीवरचा डफ काढला आणि ते थेट धोंडिरामांच्या दारात आले. धोंडिरामांच्या पत्नी आक्काताई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

"सुभेदार, वाट चुकलासा जनू?" त्यांनी विचारले.

"थट्टा नको, आक्काताई. धोंडिराम, गड्या, हे घे. घरोघरचं पाणी वतायला सांगायचं हाय. तुमच्या हाताला सवय हाय ह्याची."

धोंडिरामांनी हात मागे घेतला. "माज्या हाताला पान्ह्याची सवय हाय, सुभेदार."

"आरं, मानसं मरतील!"

"म्हणून तर बोलायला येतो. घरोघर येतो. पर डफ न्हाई धरायचा. मी आज धरला, की उद्या ते पुन्ना आमचंच काम हुतंय."

"आन् डफाबिगर कोन भाईर येनार?"

"मग तुमी वाजवा."

नाथाजींचा चेहरा उतरला. आपण डफ घेऊन आपल्याच गल्लीतून फिरायचे! या दोन घरांमध्ये शंभर पावलांचे अंतर होते. ते किती जुने होते, हे दोघेही जाणत होते. आणि ऊन कलत चालले होते.

"पलटणीत बँड न्हवता व्हय?" आक्काताई म्हणाल्या.

"हुता की. मी बंदूक वाजवत हुतो," असे म्हणून सुभेदारांनी डफ गळ्यात अडकवला.

"थांबा. आधी शेकवा त्याला. वलीचं बोलत न्हाई ते." आक्काताईंनी चुलीवरचे भांडे उतरवले.

डफ शेकून दोघे निघाले. सुभेदारांच्या हाताला ताल नव्हता. तो आवाज कवायतीच्या बुटांसारखा सरळ पडत होता. नवलाने माणसे बाहेर आली. सुभेदारांच्या पत्नी लीलाबाई सोप्यात येऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. "सुभेदार, लगीन कुनाचं?" कोणी ओरडले. हशा थांबला, की धोंडिराम खणखणीत आवाजात सांगत, "कालचं पानी वतून टाका. प्यायचं ते उकळून प्या. दुखनं पान्यातनं आलंय!" घागरी अंगणात पालथ्या होऊ लागल्या.

वरच्या आळीतल्या वृद्ध भामाबाई मात्र ढळेनात. "बाचा डफ टाकून सायब झालास, आन् आता आमच्या पान्याला नावं ठिवतोस? हंड्याला हात लावशील तर बघ!"

आत त्यांची नात तापाने पडली होती. धोंडिराम पायरीवर बसले. "हंडा तुमचा, काकू. मी हात लावनार न्हाई. पर वतल्याबिगर उठनार बी न्हाई."

सुभेदार काही बोलणार होते. धोंडिरामांनी मानेनेच त्यांना थांबवले. आतून नातीने पाणी मागितले. भामाबाई तांब्या घेऊन हंड्याशी गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हंडा कलंडला. पाणी पायरीवरून वाहत धोंडिरामांचे धोतर भिजवून गेले. तेव्हा ते उठले. "आता उकळून द्या तिला. मीठ-साखर घालून."

त्या साथीत गावातला एकही जीव गेला नाही.

पुढच्या ग्रामसभेत धोंडिरामांनी एक ठराव मांडला. उसाला पाणी पाळीने मिळते, तशी दवंडीचीही पाळी असावी. घर कोणाचेही असो, अनुक्रमाने येईल त्याने डफ उचलावा. बराच गलका झाला. "मग आमच्या पोरांनी गावभर वरडत फिरायचं?" एकाने विचारले. सुभेदार म्हणाले, "मी फिरलो. झिजलो न्हाई." ठराव झाला.

पाळी हळूहळू सरकत राहिली. कोणी कुरकुरले, कोणी थाळीच बडवली. तीन वर्षांनी, पोलिओच्या डोसाची वर्दी द्यायची होती तेव्हा, पाळी धोंडिरामांच्या दारी आली. आधीच्या घरच्या माणसाने डफ आणून कोणाच्याही ओट्यावर ठेवावा तसा ओट्यावर ठेवला आणि तो आपल्या कामाला निघून गेला. धोंडिरामांनी आधी त्याला नुसता हात लावला. मग त्यांनी तो चुलीवर शेकवला, गळ्यात अडकवला आणि चौकात जाऊन पहिली थाप मारली.

त्यांना वाजवता येत नव्हते. वडिलांनी कधी शिकवलेच नव्हते.

सोप्यातून सुभेदार ओरडले, "आरं गड्या, माज्यापरीस वाईट वाजवतोस की!"

"व्हय," धोंडिराम मोठ्याने हसले आणि पुढच्या आळीकडे वळले.