अकोल्याची काळी माती आणि साहेबाचे बूट

अमरावतीहून एस.टी. सुटली तेव्हा आमच्या मांडीवर अकरा जोड बूट होते. अकोल्यात हरलो तर योनान साहेबाची नोकरी जाणार, असं क्लबचे अध्यक्ष भाऊसाहेब निघतानाच सगळ्यांपुढं बोलून बसले होते.

साहेब आमचा कोच. इराकातला असिरियन, म्हणजे तिकडचा जुना ख्रिस्ती. तिकडच्या लष्करी छावणीच्या टीमकडून खेळायचा. गुडघा मोडला, इकडं येऊन पोचला आणि शिट्टी गळ्यात आली. आम्ही वऱ्हाडी पोरं अनवाणी खेळणारी. त्यानं महिनाभर घासून आम्हाला बुटांत घातलं. "बूट नहीं, तो फुटबॉल नहीं!" हे मी त्याच्या घोगऱ्या आवाजात असं म्हणायचो की पोरं दचकून लेस बांधायची.

मूर्तिजापूरला आलुबोंडे (बटाटेवडे) घेतले. साहेबानं एकही खाल्ला नाही. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कावून (का) बाप्पा, उपास हाय काय?" साहेब हसला, पण पुडी तशीच हातात.

अकोल्याचं मैदान पाहिलं आणि मी गार पडलो. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून यजमानांनी सकाळपासून पाणी मारलं होतं. काळ्या मातीवर! त्यांची पोरं मात्र अनवाणी.

आमचा कप्तान उत्तम म्हणाला, "साहेब, बूट काढू द्या ना."

"नहीं!"

अर्ध्या खेळापर्यंत एकेका बुटाला शेरभर चिखल. पोरं हत्तीसारखी चालून राहिली. आमच्यावर एक गोल बसला. साहेब चुन्याच्या रेषेवर रुमाल पिळत उभा. मी गोलकीपर. चेंडू बाहेर गेला आणि माझ्या तोंडून त्याचाच आवाज निघाला, "बूट निकालो! सब!"

दहाही जणांनी तिथंच बसकण मारून बूट उपसले. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. हात वर केला... आणि खाली घेतला.

मग दोन गोल झाले. आमचे.

परतीच्या गाडीत साहेबानं सगळे बूट स्वतःपुढं ओढले. बाभळीच्या काडीनं एकेक बूट खरडत बसला. मला वाटलं, खरडून झालं की माझा नंबर.

अमरावतीच्या स्टँडवर भाऊसाहेब हार घेऊन उभे; अकोल्याहून फोन आधीच पोचला होता. "वा साहेब! बूट काढाचा हुकूम म्हंजे कमालच केली तुमी!"

साहेब गप्प राहिला असता तर नोकरी पक्की होती.

"मैं नहीं बोला. ये बोला. मेरे आवाज में."

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "काय रे? करून दाखव बरं."

मी तोंड उघडलं. अख्ख्या गावाच्या नकला करणारा मी, घशातून चिमणीएवढाही आवाज निघेना.

भाऊसाहेबांनी साहेबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हार साहेबाच्या गळ्यात टाकला. "सकाळी सहाले मैदानावर या. अन् या बहाद्दराले दहा चक्कर जास्त मारू द्या."

साहेबानं माझे बूट माझ्या हातात दिले. लख्ख. "अगली बार," तो म्हणाला, "अपने आवाज में बोलना."

नकला मी अजूनही करतो. तो एक आवाज मात्र अकोल्यालाच ठेवून आलो.