शेंदरी बाणांची वाट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी निलंग्याच्या बसस्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघत उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्यांच्यावरच चरफडत होतो. आदल्या संध्याकाळी त्यांनी फर्मान सोडलं होतं, "नागू, उद्या ये. जरा काम हाय. जुनी पँट घालून ये." काम काय ते सांगायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. मी समजून चुकलो की दोन वर्षांनी पुन्हा त्या माळावर उन्हात तंगडतोड करायची आहे. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला आणि भाच्याचा फोन आला. सकाळी लिंगपूजा आटोपून उठता उठता दाजी खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत... त्याच गाडीने मी गेलो. जुन्या पँटीतच मातीला उभा राहिलो. महिना उलटून गेला, तरी त्या दिवसाचा राग काही गेलेला नाही. माणसाने निदान काम तरी सांगून जावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान मन्मथप्पा. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं. मोंढ्यात त्यांचं नाव होतं ते मापासाठी. काटा जरा डळमळला तरी ते हमालाला थांबवायचे आणि शेतकऱ्याला स्वतः वाकून बघायला लावायचे. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. दारात नको असलेला पाहुणा आला तर 'घरी नाहीत म्हणून सांग' एवढंसुद्धा ते पोरांना सांगू देत नसत. स्वतः बाहेर येऊन "आज मला बोलायचं न्हाई" असं तोंडावर सांगायचे. आम्हा नातेवाइकांत या सरळपणाचा बराच त्रास होता. माझ्या लग्नात जेवण कसं झालं असं माझ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, त्याचं उत्तर माझी बायको अजून विसरलेली नाही.

तर असा हा माणूस साठी उलटल्यावर नॉर्वेला गेला. धाकटी लेक आणि जावई तिथे एका जंगलाच्या मुलखात राहतात, जिकडे बघावं तिकडे तळी. दाजी आणि अक्का उन्हाळाभर राहून आले. अक्काने तिथली थंडी आणि सपक जेवण यांच्या पलीकडे काही सांगितलं नाही, पण दाजी मात्र बदलून आले. सुट्टीच्या दिवशी तिथली म्हातारी-कोतारी माणसं पाठीला पिशवी लावून रानात चालायला जातात, कुणाला काही मागायला नाही, नुसतं चालायला, याचं त्यांना नवल वाटलं होतं. तेही जायचे. लेक निमुळत्या होडीत बसवून त्यांना तळ्यावर न्यायची. अक्का काठावरून ओरडत राहायची आणि दाजी पावसाच्या भुरभुरीत होडीत बसून भाकरी-ठेचा खायचे. पण त्यांच्या मनात घर केलं ते दोन गोष्टींनी. एक, तिथे जुन्या काळी डोंगरातली लाकडं तळ्यात सोडायची एक लाकडी पन्हळ होती, मोडकी, शेवाळलेली, आणि तिलासुद्धा लोकांनी डागडुजी करून पाटी लावली होती. दुसरी, रानातल्या दगडांवर काढलेल्या लाल खुणा. त्या खुणा धरून चालत राहिलं की परका माणूसही बरोबर तळ्याशी पोचतो. "एक मोडकी पन्हळ, नागू," ते मला म्हणाले होते, "आन् आपल्याकडं काय काय पडून हाय."

पडून होतं हे खरंच. जळकोटच्या रस्त्याला माळेवाडी हे दाजींचं गाव. त्यांच्या शेताच्या बांधावरून एक पायवाट निघते, पळस आणि सीताफळीच्या झुडपांतून टेकडीला वळसा घालते आणि पलीकडे जुन्या दगडी तलावावर उतरते. काठावर एक कोरीव खांबांचं पडकं देऊळ, शेजारी बारव. लहानपणी दाजी तिथे पोहायला शिकले. आता तिकडे कुणी जात नव्हतं, वाट झुडपांनी मिटत चालली होती आणि टेकडीच्या एका अंगाला मुरूम काढणं सुरू झालं होतं. लोकांची पावलं पडली नाहीत तर वाट जाईल आणि तिच्यामागून तलावही जाईल, ही दाजींची धास्ती. माणसं तिथे चालत गेली पाहिजेत, घडीभर बसली पाहिजेत, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आणि हा हट्ट त्यांनी धरला तो नेमका दुष्काळात. लातूरला आगगाडीने पाणी येत होतं, उदगीरच्या गल्ल्यांत टँकरपुढे घागरींची रांग लागत होती, आणि आमचे दाजी लोकांना म्हणत होते की तलाव बघायला चला. तलावात चिखलसुद्धा नव्हता. पाणी आटल्यामुळे तळाशी गेलेल्या जुन्या घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्या पाहून या गृहस्थाला आनंद झाला होता! माळेवाडीचा एक जण मोंढ्यात सगळ्यांसमोर म्हणाला, आप्पाचं डोकं परदेशातल्या गारठ्यानं बिघडलंय. मीही त्या दिवशी हसलो. कचेऱ्यांत तर वेगळीच तऱ्हा. तेव्हा उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी जोरात हवा होती. पाटी लावा म्हणून अर्ज नेला की साहेब म्हणणार, आता जिल्हा होईलच, मग नव्या कचेरीतून करून घ्या. वाट राखा म्हटलं तरी तेच. नवा जिल्हा झाला की रस्ता, नवा जिल्हा झाला की पाणी, नवा जिल्हा झाला की पाटी... मी सोबत बाकावर बसून बसून वैतागलो. जिल्हा आजतागायत झालेला नाही, आणि ते साहेब बदलून कुठे गेले देव जाणे.

शेवटी दाजींनी स्वतःच रंगाचा डबा आणला. नॉर्वेसारख्या खुणा करायच्या ठरवल्या. मी म्हटलं, पिवळा घ्या. ते म्हणाले, धुळीत पिवळा दिसत न्हाई. दुकानात लांबून उठून दिसेल असा एकच रंग होता, तो शेंदरी. बांधापासून तलावापर्यंत वाटेकडेच्या मोठाल्या दगडांवर त्यांनी ठसठशीत शेंदरी बाण काढले. मराठवाड्याच्या माळावर दगडाला शेंदरी रंग दिला तर पुढे काय होणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आम्हा दोघा शहाण्यांना मात्र ते सुचलं नाही. पहिल्याच अमावास्येला दगडांपुढे नारळ फुटले. पुढच्या आठवड्यात त्यांवर खरा शेंदूर आणि तेल चढलं, आणि बाण त्याखाली दिसेनासे झाले.

दाजी किती संतापले म्हणून सांगू. आम्ही लिंगायत. ज्याचा देव त्याच्या गळ्यात, हे त्यांनी नुसतं ऐकलेलं नव्हतं, ते तसे जगत होते. आणि आता त्यांच्याच हाताने माळभर देव उभे राहिले होते. ते डोक्यावर पांढरी टोपी चढवून उन्हात जाऊन पत्र्याच्या तुकड्याने शेंदूर खरवडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे की हा देव नाही, रस्त्याची खूण आहे. बायका ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि ते वळले की पुन्हा हळदकुंकू लावायच्या. त्यातून जास्त चिडचिड याची व्हायची की बायका पहिल्याच दगडाशी पूजा करून परत फिरायच्या. तलावापर्यंत कुणीच जायचं नाही. घरी आले की अक्कावर डाफरायचे, माझ्यावर डाफरायचे. मग मागल्या दोन वर्षांत एकाएकी गप्प झाले. तलावाचा विषयच काढीनात. पाऊस झाला, तलाव भरला, तरी काही बोलले नाहीत. मी समजलो, हरले. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

महिन्यानंतर अक्काने मला माळेवाडीला पाठवलं. दाजींची समाधी त्यांच्याच शेतात, बांधालगत. मातीच्या दिवशी गर्दीत मी वाटेकडे पाहिलंच नव्हतं. दिवा लावून मी उठलो तर दोन बायका चपला हातात घेऊन वाटेने जाताना दिसल्या, एक सासू आणि एक सून. वाट चांगली मळलेली होती. टेकडीचा मुरूम सगळीकडून पोखरलेला, पण त्या दगडांच्या आसपास मशीनचा एक दात लागलेला नव्हता. देवाच्या जागेला हात कोण लावणार? आणि दगड स्वच्छ. तेल नाही, शेंदूर नाही, विटका का होईना पण बाण दिसत होता. मी सासूबाईंना विचारलं, हे काय आहे.

"वाटंचा देव हाय," त्या म्हणाल्या. "लई जुना. कवाचाच हाय."

मला हसू आवरेना. मग त्यांनीच समजावून सांगितलं. या देवाला एका जागी पुजायचं नसतं. सगळे दगड चालून तलावापर्यंत जायचं, पायरीवर घडीभर गुमान बसायचं, पाणी बघायचं, मगच तो पावतो. तेल-शेंदूर चालत नाही. हे कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "टोपीवाले आप्पा. देवानं सपनात येऊन सांगितलं म्हणले. रंग तेवढा तेच देतेत वर्साला. औंदा काऊन आले न्हाईत काय की."

मी तिथेच दगडाशेजारी बसलो... काट्याचं डळमळणं ज्याला सोसत नव्हतं, त्या माणसाने भर माळावर उभं राहून देवाचं स्वप्न सांगितलं होतं. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवूनच सांगितलं असणार, मी त्यांना ओळखतो. किती जड गेलं असेल! आणि हे मला सांगायचं कसं, म्हणून दोन वर्षं गप्प. बायका पुढे निघाल्या होत्या. मीही त्यांच्यामागून गेलो, तलावाच्या पायरीवर बसलो. तिथे आधीच पाच-सहा माणसं बसली होती आणि कुणीही बोलत नव्हतं.

परत येऊन दुकानाच्या मागची वखार उघडली. पोत्यांच्या थप्पीशेजारी शेंदरी रंगाचा नवा डबा होता, अजून झाकण न उघडलेला. त्यावर दोन ब्रश ठेवले होते. एक त्यांचा, झिजलेला. दुसरा कोरा होता, दुकानातल्या कागदात तसाच गुंडाळलेला.