जाळीवरचा मोरचूद

दोन हजार सालानंतर कधीतरी मी पुण्याहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली, टर्बोवाली, आणि त्या दिवसापासून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. घरात ट्रॅक्टर यायचा होता आणि मी हे दोन माणसांचं खेळणं आणलं होतं. नारायणगावच्या आमच्या द्राक्षबागेत बाप-लेक एका वेलीखाली उभे असले तरी निरोप आईमार्फत जायचा. मीही हट्टी. पण खरं सांगतो, तो अबोला मला आतून खात होता.

मी कारखान्याच्या बसने चाकणला जायचो, गाडी शेडमध्ये असायची. रविवार मात्र तिचा. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, म्हणून पुढच्या बंपरमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक जाळी असते, इंटरकूलर. तिच्यातून हवा गार होऊन आत जाते. मी ती जाळी बंपरच्या फटीतून अंदाजानेच, नळाच्या मंद धारेने, बाळाला न्हाऊ घालावं तशी धुवायचो. तरी त्या हंगामात गाडी दर आठवड्याला जास्तच तापायला लागली. चढावर तर धापा टाकायची. मी रबरी पाइप बदलले, क्लिपा आवळल्या, गाडी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी बंपरच उतरवला.

आणि हबकलोच. जाळी निळी! निम्मी पाती आडवी झोपलेली, फटींत निळसर लगदा वाळून बसलेला. बोट लावलं तर पात्यांचा भुगा झाला. तो निळा रंग आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. बागेवर मारायचं मोरचूद-चुन्याचं औषध, आणि मोरचूद ॲल्युमिनियम खातो. पण माझ्या गाडीवर? कुणीतरी डाव साधला, असं म्हणत मी आईवरच ओरडलो.

"आरं, आण्णाच मारत्यात की," ती म्हणाली. "बागंवर औषध मारून आले का टाकी इसळल्यालं पानी तुझ्या गाडीच्या जाळीवर. बागंच्याच पंपानं. तू धुतो ते बघत्यात ना. पोराची गाडी तापती, म्हनत्यात, आन् ह्याच्या धारंला जोर न्हाई."

माझ्या गाडीकडे ढुंकूनही न बघणारा माणूस! राग कुणावर काढावा तेच कळेना. जाळी तर गेलीच होती, दुसरी कुठे मिळणार हेही ठाऊक नव्हतं. ती सोडवून मांडीवर घेऊन मी तिथेच बसलो.

तेवढ्यात वडील बागेतून आले. सदऱ्यावर निळे शिंतोडे, खांद्यावर पंपाची नळी. त्यांनी जाळीकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे, आणि बोलले. माझ्याशी!

"आता कमी तापती का रं?"

मी बोटांवरचा भुगा विजारीला पुसला.

"लई कमी, आण्णा," मी कसाबसा म्हणालो.

"मंग दे इकडं. खोललीच हाय तर मागनं बी धार मारतो."

मी जाळी त्यांच्या हातात दिली.