काकूंचा न प्यायलेला चहा

दार कुणाचंही असो, काका त्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "पाटीवर जाऊ नका. आधी उघडून बघू."

जासईला बंदरावरून आलेले कंटेनर उघडून माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कागदावर खेळणी आणि आत भंगार, हे आयुष्यभर पाहिलेला माणूस. निवृत्तीनंतर ते कलिंगडापासून पाळकसाहेबांच्या प्रवचनापर्यंत सगळंच ठोकून बघायला लागले. प्रवचन बहुधा पोकळ वाजायचं आणि काका तसं सांगायचेही. आम्ही पनवेलला समोरासमोर राहायचो, चर्चही एकच, त्यामुळे ते ऐकायला मी कायम हाताशी.

एकदा पळस्प्याच्या थांब्यावर भर उन्हात टाय लावलेली दोन पोरं त्यांना दिसली. मॉर्मन पंथाचे प्रचारक. दुसरा कुणी ख्रिस्ती माणूस रस्ता बदलून गेला असता. काकांनी दोघांना रिक्षात घालून घरी आणलं आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं. पोरांच्या छातीवरच्या पट्टीवर 'एल्डर', म्हणजे मंडळीतला वडील, असं लिहिलं होतं.

"एल्डर?" काका त्यांच्या खास पनवेली हिंदीत म्हणाले. "हमारे चर्चमें एल्डर बननेको एक बायपास और चार झगडे लगते हैं, बेटा."

तेवढ्यात काकू आल्याचा चहा घेऊन आल्या. पोरं उठून उभी राहिली, हात जोडले. त्यातला उंच, हैदराबादचा, म्हणाला, "आंटी, माफ कीजिए. हमारे यहाँ चाय मना है."

काकू मूळच्या नगरच्या. त्यांच्या चहाला नाही म्हणणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. ट्रे आत गेला आणि आतून, बाहेर नीट ऐकू येईल असा आवाज आला, "दारू नको म्हणणारा धर्म समजू शकते. चहा नको म्हणतात म्हणजे घरचं वळणच नाही." पोरांना मराठी कळत नव्हती, पण सूर कळला.

पुढे पोरं दर आठवड्याला येऊ लागली आणि आमची चर्च कमिटी खडबडून जागी झाली. एरवी तिला जागं करायला चर्चचं छप्पर गळावं लागतं. सेक्रेटरी काकांना समजवायला आले. "ते आपल्यातले नाहीत हो. त्यांचं पुस्तक वेगळं. चार-चार बायका करतात." सेक्रेटरी जन्मात एकाही मॉर्मन माणसाशी बोलले नव्हते, पण त्यानं आमच्या कमिटीचं मत कधी अडलं नाही.

काकांनी पुढच्या भेटीत सरळ विचारलं, "बीवियाँ कितनी?"

उंच पोरगा कानापर्यंत लाल झाला. "अंकल, एक भी नहीं! वो रिवाज तो सौ साल पहले बंद हो गया."

रविवारी काकांनी सेक्रेटरींना भर अंगणात अहवाल दिला, "उघडून बघितलं. एकही निघाली नाही."

त्यांचं पुस्तकही काकांनी चष्मा पुसून पुसून वाचलं. मी विचारलं, "पटलं?"

"नाही," ते म्हणाले. "पण पोरं चांगली आहेत. न चुकता आईला फोन करतात. आपल्या तरुण संघात असा एक दाखव."

मग काकू गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. तेवढी एकच गोष्ट त्यांनी काकांना न सांगता केली.

पोरं अंत्यविधीला आली, खुर्च्या मांडल्या, उचलल्या. काकांनी नंतर पाळकसाहेबांना विचारलं, वर ती मला बायको म्हणून भेटेल का? पाळकसाहेब म्हणाले, स्वर्गात लग्नं नसतात. शपथच मरण वेगळं करीपर्यंतची असते. शास्त्राला धरूनच बोलले. पण काका माझ्या दारात येऊन म्हणाले, "मी विधुर होतो गं. याने मला घटस्फोटित केलं."

त्या आठवड्यात पोरं आली, तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. काकांनी तोच प्रश्न त्यांना टाकला. उंच पोरगा जपून बोलला. त्यांच्या मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं, असं ते मानतात. गेलेल्या माणसासाठीही तो विधी करता येतो. पण त्यासाठी आधी काकांना त्यांच्यात यावं लागेल.

"उसको पूछे बिना?" काका म्हणाले. "मैंने उसको पूछे बिना सोफेका कवर नहीं बदला कभी."

"नहीं अंकल. हम मानते हैं, वहाँ आंटी खुद हाँ या ना कह सकती हैं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फिर तो ना ही बोलेगी. तुमने उसकी चाय नहीं पी."

आम्ही तिघं हसलो. काका हसले नाहीत. पोरं गेल्यावर हळूच म्हणाले, "मी तिकडे गेलो आणि ती इकडेच राहिली, तर?" ही एकच पेटी त्यांना आधी उघडून बघता येत नव्हती. ते आमच्याच चर्चमध्ये राहिले आणि वर्षभरात आमच्याच चर्चमधून गेले. सेक्रेटरींनी श्रद्धांजलीत त्यांच्या 'अढळ निष्ठे'बद्दल अश्रू गाळले. मला कुणी बोलू दिलं नाही, ते बरंच झालं.

परवा दुपारी उंच पोरगा आला. मधे त्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती, आता प्रचाराची मुदतही संपलेली. टाय नाही, पट्टी नाही. समोरच्या दारावर त्यानं पेरांनी दोनदा ठोकलं. मी माझं दार उघडून त्याला काका गेल्याची बातमी सांगितली. तो जिन्यावर बसला. मी सवयीनं आल्याचा चहा केला, कप पुढे धरला आणि मग जीभ चावली.

"रहने दीजिए," म्हणून त्यानं कप माझ्या हातातून घेतला. प्यायला नाही. दोन्ही हातांत धरून काका-काकूंच्या कुलपाकडे बघत, चहा पार थंड होईपर्यंत बसून राहिला. जाताना मला कप दिला आणि म्हणाला, "आंटी को बुरा लगा था ना?"

तो खाली उतरला. भरलेला कप ओतून टाकायला मी आत वळले, पण माझ्याच्यानं ते होईना. मला रडू आलं. तशीच मागे फिरून त्या बंद दारापाशी गेले, दोनदा ठोकलं आणि म्हटलं, "काकू, पोरानं कप घेतला. आता काकांना नाही म्हणू नका हो."