जनम किधर का?

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका संतापी माणूस कतारच्या वाळवंटाने पाहिलेला नाही. इथल्या उन्हाला निदान संध्याकाळी उतार पडतो. आमच्या व्याह्यांना पडत नाही. कागलकडच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले हे गृहस्थ दर हिवाळ्यात नातीसाठी दोह्याला येतात, पावसाचा पत्ता नसताना काळी छत्री घेऊन हिंडतात, आणि टॅक्सीवाला असो, लिफ्टमधली नर्स असो, नाहीतर कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदार, प्रत्येकाला आपल्या कोल्हापुरी हिंदीत एकच प्रश्न विचारतात, "जनम किधर का?" उत्तर काहीही येवो, संताप ठरलेला. "बघा विहीणबाई! जन्माला कुठं यायचं हे कोण अर्ज करून ठरवतंय होय? आणि जाब मात्र मरेपर्यंत द्यायचा!"

या संतापाचं मूळ निपाणीत आहे. त्यांची आई रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून हे निपाणीत जन्मले. पुढे गावात सरपंचपदाला उभे राहिले, तर विरोधकांनी पारावर बसून पुडी सोडली, 'मास्तर कर्नाटकातला हाय.' पडले! "अहो, मी जन्मलो तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. सरहद्द हलली तेव्हा मला धड चड्डी नव्हती. हललं कोण, मी का सरहद्द?" हे ते मला इतक्या तावातावाने विचारतात, जणू मीच ती ढकलली. त्यात धाकट्या मुलाचा मुलगा अमेरिकेत जन्मला. तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने नागरिक असावं लागतं, हे कळल्यापासून तर चहाही गार होतो. "त्या पोराला केळं सोलून द्यावं लागतंय, पण त्याला वाट मोकळी! आणि चाळीस वर्षं तिथं राबून नागरिक झालेल्याला दार बंद! हा कसला न्याय?"

मी हसते, पण मला हसायला तोंड नाही. चोविसाव्या वर्षी मी म्हणजे अकलेचा अर्क. दोह्यात चांगलं हॉस्पिटल दारात असताना सातव्या महिन्यात विमानात बसून चिपळूणला गेले, कारण पहिलं बाळंतपण माहेरी! वर शेजारणींना सांगितलं, 'इथल्या डॉक्टरांना डिंकाचे लाडू कळत नाहीत.' माझी लेक माझ्याही पुढची. ती अल रय्यानला राहते, माहेर फरीज बिन ओमरानला, गाडीने एवढंसं अंतर. तरी दोन बॅगा आणि रडं घेऊन रीतसर बाळंतपणाला आली. सई माझ्याकडे झाली.

तर गेल्या आठवड्यात ही सई शाळेतून माझ्याकडे आली ती दप्तर फेकूनच. वर्गात 'मोठेपणी कोण होणार' असं चाललं होतं. ही म्हणाली, भारताची राष्ट्रपती. शेजारच्या मुलीने सांगितलं, "यू कान्ट. तू दोहामध्ये बॉर्न आहेस. रूल आहे."

आमच्याकडे चहाला आलेले व्याही खुर्चीतून उठले ते छत्रीसकट. "कुणाचा रूल? अमेरिकेचा रूल आमच्या पोरीला? आपल्या घटनेत राष्ट्रपती भारताचा नागरिक पाहिजे, पस्तिशीचा पाहिजे. जन्म कुठला, हे विचारतच नाहीत! तुझे आईबाप भारतीय, तुझी नोंद दूतावासात. हो खुशाल!"

"बट आजोबा," सईने नाक पुसलं, "जन्मले इथे, आणि इथली पण नाही ना मी? देन व्हेअर अ‍ॅम आय फ्रॉम?"

व्याही हळूच खाली बसले. "तुझी आई बाळंतपणाला कुठं आली होती?"

"आज्जीकडे."

"मग हे तुझं आजोळ! मी आजोळी जन्मलो, तुझी आई आजोळी, तूही आजोळी. आजोळच्या गादीवर कुणी हक्क सांगतं का, पोरी? तिथं लाड करून घ्यायचे."

सईला पटलं. डोळे पुसून तिने लाडूही मागितला. मग तोंडात लाडू धरूनच म्हणाली, "पण आज्जी आणि आबा तर जूनमध्ये जाणार. मग?"

खरं होतं. यांची नोकरी जूनमध्ये संपते. नोकरी संपली की व्हिसा खलास, फ्लॅट खलास. चाळीस वर्षं झाली, तरी निघायचंच. मी व्याह्यांकडे पाहिलं. आता छत्री उगारतील, आता घटना काढतील! त्यांनी छत्री खुर्चीला टेकवून ठेवली. "विहीणबाई," म्हणाले, "ह्याला कलम नाही."

त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न बदललाय. आता विचारतात, "नानी का घर किधर?" आणि उत्तर ऐकून चिडत नाहीत; मंडळीही खुलतात. परवाचा टॅक्सीवाला तर नानीच्या गावच्या नदीबद्दल बोलत आमच्या गल्लीवरून पुढे निघून गेला.

काल लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. विचारायला कुणी परकं नव्हतं. सवयीने त्यांनी सईलाच विचारलं, "नानी का घर किधर?"

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, "फरीज बिन ओमरान. जूनपर्यंत."