बिनचहाचा गट

हसा, खुशाल हसा! पण कपभर चहा न दिल्यामुळे माझं एम.ए. बुडता बुडता कसं राहिलं, ते आधी ऐका.

लग्नानंतर मी नेवाशाच्या कॉलेजात मानसशास्त्राला प्रवेश घेतला. माझ्या दोन वर्षांच्या परीला सांभाळायच्या शेजारच्या इंदूकाकू, माझ्या चुलत सासूबाई. त्या होत्या म्हणून माझं कॉलेज होतं, एवढं लक्षात ठेवा.

मॅडमनी प्रयोग दिला. चहा प्यायल्याने स्मरणशक्ती वाढते का? आठ जणी जमवायच्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला चहा, दुसऱ्याला नाही. मग सगळ्यांना पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि कुणाला किती आठवतात ते बघायचं. कशासाठी, ते मात्र शेवटपर्यंत सांगायचं नाही!

आता आमच्या गावात ओसरीवर आठ बायका बसवून चौघींनाच चहा? मला तेव्हा सुचलंच नाही हो! पुस्तकात दिलंय ना, मग झालं!

काकूंची चिठ्ठी निघाली बिनचहाची. आल्याचा चहा त्यांच्या नाकासमोरून पलीकडे गेला.

"आन् आमाला गं?"

"तुम्हाला नाही, काकू."

"का?"

"ते सांगता येत नाही."

झालं! पंधरा शब्द वाचून झाले. मी विचारलं, "काय काय आठवतंय?" तशा काकू पदर खोचून उठल्या.

"काय बी आठवत न्हाई. उद्यापासनं तुजी पोरगी तूच सांबाळ!"

प्रयोग गेला खड्ड्यात, इथे कॉलेजच सुटायची वेळ! किटलीभर चहा घेऊन पळत त्यांच्या घरी गेले.

"काकू, सगळ्यांनीच चहा प्यायला असता तर चहाचा गुण कळला कसा असता? तुमच्या गटावर तर सगळा प्रयोग उभा आहे!"

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय!"

काकूंनी चहा बशीत ओतला, एक भुरका मारला आणि सुरू झाल्या. "कुलूप, चाळनी, बैल, कंदील…" पंधराच्या पंधरा! ओळीने!

"अहो, मघाशी तर आठवत नव्हतं?"

"आठवत समदं हुतं. सांगायचं नव्हतं. अपमान झाला की मला लई ध्यानात ऱ्हातं बग."

परी सांभाळायला त्या तयार झाल्या आणि मी हुश्श केलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी परीला सोडायला गेले. काकूंनी काकांना चहा दिला, दूधवाल्याला दिला, मिरच्या मागायला आलेल्या शेजारणीला दिला. मी आपली वाट बघत बसले.

"काकू, मला?"

"तू आज बिनचहाच्या गटात!"

पुढे पास झाले. पुस्तकातलं आता फारसं काही आठवत नाही. पण त्या सकाळी चहा कुणाकुणाला मिळाला, ते मला अजून ओळीने पाठ आहे!